अकरा ताटं

शेलूबाजार, २५ नोव्हेंबर १९५३

आज टेबलं आली. चार टेबलं आणि आठ बाकं. इंझोरीच्या शाळेत बावीस वर्षं पोरांना ओळीत बसवलं, आता गिऱ्हाइकांना बसवायचं. असं म्हणून मी बायकोसमोर, गोमतीसमोर, हसून घेतलं. नोकरी सोडली, इंझोरीचं घरही सोडलं. कापसाचा हंगाम आहे, रस्त्यावरून गाड्यांची रांग तुटत नाही, प्रवाशांची मोटारही दारासमोर थांबते. या हंगामात खानावळ चालली तर चालली, नाहीतर या वयात कुठं तोंड दाखवायचं ते मला ठाऊक नाही.

अकोल्याच्या हॉटेलात मी एकदा पाहिलं होतं, टेबलावर सगळी ताटं एकसारखी. माझ्याकडे पितळेची नऊ, नऊ तऱ्हेची, सगळी लग्नातली. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव टोचलेलं. गिऱ्हाइकाचा भात संपला की खाली दिसणार, ‘चि. मारोतीस मामाकडून’. माझ्या मामाने मला काय दिलं ते साऱ्या तालुक्याला कळायचं.

म्हणून मागच्या हप्त्यात रिसोडला मोडीच्या भांड्यांच्या दुकानात गेलो आणि नशीब उघडलं. एका मापाची अकरा ताटं. तांब्याची, वर कल्हई, चांदीसारखी दिसतात. काठाला वेल, मागे वळणावळणाची बारीक नक्षी. दुकानदार म्हणाला, एकाच घरची आहेत. कोणाच्या घरची, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

गोमतीने एक ताट उलटं केलं. “आपल्यात ताटाले अशी कलई असते काय? आन हे मांगं काय लिहून हाय?”

“नक्षी हाय,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग चुलीकडे गेली. तिचं हे पाहणं मला कधीच आवडलेलं नाही.

ही अकरा पुढच्या टेबलांवर. तिथे कापसाच्या गाड्यांचा ठेकेदार गुलाबसिंग आणि त्याचे सात गाडीवान बसणार. गुलाबसिंग म्हणजे माणूस कडक. पाणी कोणी भरलं हे विचारल्याशिवाय तांब्याला तोंड लावत नाही. पितळेची नऊ मागच्या टेबलांवर. बाहेरच्या बाकावर मुसलमान गिऱ्हाइकांसाठी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, दोन थाळ्या. जेवल्यावर ज्याची त्याने विसळायची आणि भिंतीशी उपडी घालायची. ही रीत काही मी काढलेली नाही, सगळीकडे आहे.

२ डिसेंबर

बाजाराचा दिवस. गर्दी चांगली झाली. पण ते लिहायला मी बसलेलो नाही.

दुपारी एक कल्हईवाला बाहेरच्या बाकावर जेवला. चाळिशीचा, हातांना काळं बसलेलं, बोलणं कमी. मेहबूब म्हणून आहे, बाजारोबाजार फिरतो. जेवून थाळी विसळायला मागे गेला. तिथे कामाला ठेवलेली रुपाबाई राख लावून ताटं घासत होती. बराच वेळ तो परत आला नाही म्हणून मी डोकावलो, तर तो उकिडवा बसलेला, पुढ्यात माझं ताट उलटं, आणि त्या नक्षीवरून बोट फिरवतोय.

“मास्तर, हे ताट कुठून आणले?”

मला काय झालं कोण जाणे. खरं सांगायला काय हरकत होती? पण गुलाबसिंग जेवून अजून आत बसला होता. मी म्हणालो, “सासऱ्याच्या घरचे व्हय.”

 घासून ठेवलेली ताटं त्याने नजरेनेच मोजली. “अकरा हायत,” म्हणाला. “बारा असतात.” आणि निघून गेला.

बारा असतात हे त्याला कसं ठाऊक? अकराच का, असं मी दुकानदाराला विचारलं होतं, तोही म्हणाला होता, एक कमी मिळालं. म्हणजे हा माणूस या ताटांना ओळखतो. संध्याकाळी गोमतीला भाजीत मीठ जास्त झाल्याचं मी सांगितलं, तर ती म्हणाली, मीठ बरोबर आहे, तुमचंच तोंड कडू झालंय.

३ डिसेंबर

तो गेलेला नाही. समोरच्या निंबाखाली त्याने भाता मांडलाय. बाजार काल संपला, आज इथे कोण त्याला भांडं देणार? बसलाय आणि आमच्या दाराकडे पाहतोय.

५ डिसेंबर

अजून तिथेच.

९ डिसेंबर

आज त्याने मला सरळ धमकी दिली. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, पुढेमागे पोलिसात कामाला येतील.

माझ्याजवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाला, “मास्तर, त्या ताटात आंबट वाढू नका. सांगून राह्यलो. कोणाच्या जिवावर बेतन.”

मी हातातली कढीची वाटी खाली ठेवली. मी म्हणालो, “काहून बेतन?”

“मले एक दिवस द्या ते ताट. मी पाहातो. पैसे नको.”

पैसे नको! पैसे न घेता काम करणारा माणूस मी बावन्न वर्षांत पाहिलेला नाही. ताटं एकदा त्याच्या हाती गेली की परत येणार नाहीत, आणि सोबत चार माणसं येऊन विचारतील, मास्तर, चोरीचा माल कुठून घेतला? गुलाबसिंगच्या कानावर गेलं की संपलं. तो उठला की गाडीवान उठणार, गाडीवान उठले की शेलूबाजार उठणार.

मी त्याला म्हणालो, “ताटाले काही झालं नाई.” तो म्हणाला, “जशी तुमची मर्जी,” आणि पुन्हा निंबाखाली जाऊन बसला. त्याने शिवी दिली असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

११ डिसेंबर

मागची नक्षी ही नक्षी नाही, उर्दू अक्षरं आहेत, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. आज मी ती कागदावर जशीच्या तशी उतरवली आणि मोटारीने मंगरूळला गेलो. तिथे शफीक कापडवाल्याशी माझी जुनी ओळख, शाळेच्या झेंड्याचं कापड त्याच्याकडून यायचं. ताट न्यायची हिंमत नव्हती, कागद नेला.

शफीकने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, कागद फिरवला. “मास्तर, उलटं उतरवलं तुमी.” मग वाचलं, “मेहरबी. बाईचं नाव व्हय. खाली साल हाय. कुठं पायलं हे?”

“दगडावर,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

“दगडावर? मंग कबर असन कोणाची.” तो कापड मोजायला वळला.

परतीच्या मोटारीत तेच नाव डोक्यात घोळत होतं. मेहरबी. त्या कल्हईवाल्याची कोण? बायको, बहीण? अठ्ठेचाळीस साली निजामाच्या हद्दीत गडबड झाली, तेव्हा हिंगोलीकडून मुसलमान माणसं गाठोडी घेऊन पळत होती. इंझोरीपर्यंत बातम्या यायच्या. त्या साली रिसोडच्या बाजारात भांडी फार स्वस्त झाली होती, हे सगळ्यांना आठवतं आणि कोणी बोलत नाही. मला रिसोडच्या दुकानात हे आठवलं नव्हतं असं मी लिहिणार होतो. पण ही वही कोणी वाचत नाही, तर खोटं कशाला लिहू? आठवलं होतं. ताटं फारच सुंदर होती.

म्हणजे मेलेल्या बाईच्या ताटात मी गावजेवण घालतोय आणि तिचा माणूस समोर निंबाखाली बसून ते पाहतोय.

१२ डिसेंबर

अकराही ताटं ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली. गोमतीने विचारलं, काहून? मी म्हणालो, झिजतात. पुढच्या टेबलांवर आजपासून पळसाच्या पत्रावळी.

१३ डिसेंबर

पत्रावळ जमिनीवर बरी. टेबलावर ती वाऱ्याने उचलते. आज कढी गुलाबसिंगच्या धोतरावर गेली. “ते चांदीवानी ताट कुठं गेले मास्तर? पाहुणे आले का घरी?” गाडीवान हसले. मीही हसलो. हसताना माझी नजर निंबाकडे गेली, तो हसत नव्हता.

१६ डिसेंबर

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

बाजाराची गर्दी, पितळेची ताटं कमी पडली. गुलाबसिंग आपले सात गाडीवान घेऊन बसलेला आणि पत्रावळ नको म्हणून अडलेला. मी मागे पाणी काढत होतो. तेवढ्यात गोमतीने कणगीत हात घालून ताटं काढली, धुतली आणि मांडली. मी आत आलो तेव्हा वाढून झालं होतं. भाकर, आलू-वांगं, आणि ताटभर कढी, कालच्या आंबट ताकाची.

जेवून ते बाहेर विड्या पीत बसले. थोड्या वेळाने बाबूसिंग गाडीवान, सगळ्यांत म्हातारा, पोट धरून ओकला. मग दुसरा. मग तिसरा. बाजारातली माणसं गोळा झाली. कोणीतरी म्हणालं, मास्तरने काय खाऊ घातलं? दुसऱ्याने म्हटलं, विष. तो शब्द एकदा निघाला की परत आत जात नाही. रुपाबाई रडायला लागली. मी खांबाला धरून उभा होतो. मला आठवत होतं ते एकच वाक्य, कोणाच्या जिवावर बेतन. त्याने केलं, असं मला वाटलं. कधी, कसं, ते कळत नव्हतं, पण त्यानेच केलं.

आणि तो रस्ता ओलांडून आला. लोकांना बाजूला सारून थेट आत गेला, एक ताट उचलून बाहेर आणलं आणि नखाने खरवडलं. कल्हई जागोजाग उडाली होती, खाली लाल तांबं, कडेला हिरवं.

“विष नाई, ठेकेदार,” तो म्हणाला. “कलई उतरली. आंबट कढी त्यात कळकली. दूध पाजा यायले, उतरून जाईन. मास्तरची नियत वाईट नाई.”

गोमतीने दूध आणलं. मेहबूबने स्वतः बाबूसिंगचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाजलं. ओकाऱ्या थांबल्या. लोक पांगायला लागले. मी सुटलो असं वाटलं, तोच गुलाबसिंगने ते ताट हातात घेतलं आणि उलटं केलं.

“हे काय लिहिलं हाय? कोणाच्या घरचे ताट व्हय हे, मास्तर?”

 मी मेहबूबकडे पाहिलं. सगळं त्याच्या हातात होतं. एक शब्द बोलला असता तर त्याच घडीला टेबलं रस्त्यावर आली असती.

“मास्तरच्या सासऱ्याच्या घरचे,” तो म्हणाला.

“आन हे लिहिलेलं?”

“बनवणाराचं नाव. बनवणारे आमच्यातले असतात, ठेकेदार. घेणारा कोणी बी असते.”

गुलाबसिंगने ताट खाली ठेवलं. मेहबूबने ते उचललं, उपरण्याच्या टोकाने पुसलं आणि बाकीच्यांवर नीट रचून ठेवलं.

त्याने मला का वाचवलं? मला हे समजत नाही, आणि जे समजत नाही त्याची मला आणखी भीती वाटते. याच्या बदल्यात तो काय मागणार आहे?

१७ डिसेंबर

आज सकाळी मी स्वतः अकरा ताटं निंबाखाली नेली. तो लगेच कामाला लागला. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, कथिलाची कांडी फिरवली की कापसाच्या बोळ्याखाली ताट लखलखायचं. मी शेजारी उभा. चार ताटं झाली तेव्हा मी ते बोललो. बोलायला नको होतं.

“मेहबूब, ते मांगचं नाव घासून टाकता येईन का?”

भाता थांबला. त्याने झोळीतून कानस काढली, ती आणि ताट माझ्या पुढ्यात ठेवलं.

“येईन. पण माझ्या मायचं नाव हाय ते, मास्तर. तुमच्या हातानं घासा.”

मी कानशीला हात लावला नाही.  शेवटी विचारलं, “कधी वारली?”

“कोण वारली?” तो माझ्याकडे पाहायला लागला. “मंगरूळले राह्यते. डोळे गेले तिचे, बाकी ठीक हाय.”

मग भाता मारत मारत त्याने सांगितलं. गाव सोडलं तेव्हा भांडी नेता येत नव्हती. आईच्या निकाहातली बारा ताटं, तिच्या बापाने नाव घालून दिलेली. अकरा विहिरीत सोडली, परत येऊन काढू म्हणून. बारावं तिने पोटाशी बांधून आणलं. वर्षभराने तो विहिरीत उतरला, तेव्हा खाली गाळच होता.

“पहिल्याच दिवशी काहून नाई बोललास?” मी विचारलं.

“तुमी सासऱ्याचे म्हणले ना,” तो म्हणाला. “मोठ्या माणसाले खोटं कसं पाडू?”

आणि आंबट वाढू नका म्हणाला होता, ते आंबट वाढू नका एवढंच होतं. मी ही वही मागे उलटून नऊ तारखेचं पान वाचलं. पोलिसांसाठी लिहून ठेवलंय मी. लाजेने कान तापले.

२० डिसेंबर

गोमतीनेच ताटं पोत्यात भरून दिली. “देऊन या,” म्हणाली. “आपण पत्रावळीले दगड ठेवू.” मी मेहबूबला घेऊन मंगरूळला गेलो.

एकच खोली, शेणाने सारवलेली. मेहरबी चुलीपाशी बसलेली, अंगाने काडी. मेहबूब म्हणाला, “अम्मी, तुहे ताट आले.” मी एकेक ताट तिच्या मांडीवर ठेवत गेलो. ती काठावरून बोट फिरवायची, मागचं नाव चाचपायची आणि बाजूला ठेवायची. सातव्याला थांबली. एक पोचा होता तिथे. “हे यानं पाडलं व्हतं, तीन वर्साचा असतानी. मी मारलं व्हतं याले.” ती हसली. मला हसता येईना, रडणंही बरं दिसलं नसतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने विचारलं, “बाप्पा, तुमची हाटेल हाय म्हणते हा. तिथंच जेवतो म्हणते. कायच्यात जेवते माझा पोरगा?”

शाळेत इन्स्पेक्टर यायचे, गडबड व्हायची, चार दिवसांपूर्वी विष म्हणून लोक ओरडले. पण या प्रश्नाइतका मी कशालाच भ्यालो नाही. बाहेरचा बाक. जर्मनची थाळी. स्वतः विसळून भिंतीशी उपडी. आणि आत तिच्या ताटात गाडीवान कढी ओरपत होते. तिला दिसत नव्हतं तरी मी मान खाली घातली.

“याच ताटात, अम्मी,” मेहबूब म्हणाला.

“खरं का, मास्तर?”

“खरं,” मी म्हणालो.

“मंग राहू द्या तुमच्यापाशीच.” तिने ताटं माझ्याकडे सरकवली. “आमी दोघं मायलेकं. अकरा ताट मांडून कोणाले वाढू? माझा पोरगा त्यात जेवून राह्यला, बस झालं.”

पोतं घेऊन परत आलो. मोटारीत मेहबूब एकदाच बोलला. “तिले दिसत नाई, मास्तर. तुमी मनाले लावून घेऊ नका.”

२२ डिसेंबर

उद्या बाजार. काल आणि आज, दोन्ही दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. गोमतीला सांगितलं उद्या काय करायचं मनात आहे ते. तिला वाटलं तर ती नको म्हणेल, मग माझीही सुटका होईल, असा माझा हिशोब होता. ती म्हणाली, “कढी जास्त करू का मंग?”

२३ डिसेंबर

मेहबूब दुपारी आला. सवयीने बाहेरच्या बाकापाशी गेला आणि भिंतीशी उपडी असलेली थाळी उचलली. मी ती त्याच्या हातातून घेतली.

“आत ये.”

त्याला लगेच कळलं. “कायले, मास्तर? धंदा बुडन तुमचा. मी इथं ठीक हाय.”

“तुह्या मायपुढं खोटं बोललो ना आपण दोघं. मले पचून नाई राह्यलं ते.”

मी त्याला पुढच्या टेबलावर बसवलं, गुलाबसिंगच्या समोर. पोच्याचं ताट मुद्दाम त्याच्यासाठी काढून ठेवलं होतं, ते मांडलं. ताट टेबलावर वाजलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मास्तर,” गुलाबसिंग म्हणाला, “हे काय?”

“ठेकेदार, हे ताट माझ्या सासऱ्याचे नाईत. याच्या मायचे हायत. मांगं तिचं नाव हाय. मी खोटं बोललो व्हतो, आन यानं माझ्यापायी खोटं सांगितलं.”

गुलाबसिंगने आपल्या ताटाकडे पाहिलं, मग मेहबूबकडे. ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. ताट सरकवून उठला, हात धुतले आणि बाहेर पडला. त्याच्यामागे गाडीवान उठले. मागच्या टेबलांवरचेही दोघेतिघे गेले. बाबूसिंग मात्र बसून राहिला, हातातली भाकर शेवटपर्यंत खाल्ली, ताट पुसून घेतलं आणि मग मान खाली घालून गेला. तो उद्या येईल की नाही, मला सांगता येत नाही.

खानावळ रिकामी झाली. बाजार भरलेला, आणि दारातून कोणी आत येईना. मेहबूब ताटासमोर हात न लावता बसला होता. मी गुलाबसिंगच्या जागेवर बसलो. गोमतीने मला त्यातलंच एक ताट मांडलं, दोघांना भाकर वाढली आणि वरून कढी.

मी आधी ताटाकडे पाहिलं. नवी कल्हई, माझं तोंड त्यात दिसत होतं, भ्यालेलं. मग घास घेतला.

कढी चांगली झाली होती. मेहबूबने दोनदा मागून घेतली.